पट्टी नसलेलं ऑपरेशन

आईच्या लहानपणी डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आळीच्या टोकावरून ओळखू यायचा. तिच्या आजोबांचा मोतीबिंदू मिरजेला काढला, तेव्हा त्यांना कित्येक दिवस उताणं झोपवून ठेवलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, चावावं लागू नये म्हणून पेज नि दूध. घरी आल्यावर हिरवी पट्टी आणि पुढे भिंगाचा जाडजूड चष्मा. पोरांनी अंगणात आरडाओरडा केला तरी मोठी माणसं दटावत. यात नुसतं कौतुक नव्हतं. त्या काळी डोळ्याला मोठी चीर द्यावी लागे, टाके असले तर बेताचेच, त्यामुळे जरा धक्का लागला की जखम उघडायची भीती खरीच होती.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या भाचीला लेसर करून मी आमच्या कोथरूडच्या घरी आणलं, तेव्हा ती माझ्या पुढे जिना चढत होती. काळा गॉगल, खांद्याला सॅक, हातात औषधांची कागदी पिशवी. आईने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "पट्टी कुठाय?"

पट्टी नव्हतीच. झोपताना चिकटपट्टीने लावायच्या दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या, बारीक भोकं असलेल्या, तेवढंच. भाचीच्या त्या मुक्कामात आणि नंतर ओळखीपाळखीत या विषयावर विचारत फिरताना माझं मत पक्कं होत गेलं, की या ऑपरेशननंतरच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. पट्टी दिसत नाही म्हणून घर त्या माणसाला आजारी धरत नाही, ऑफिस धरत नाही, आणि तो स्वतःही धरत नाही. जाहिरातींचे फलक दहा मिनिटांबद्दल बोलतात. त्यात खोटं काही नाही. किरण प्रत्यक्ष डोळ्यावर चालतो तो काही सेकंद, मोठा नंबर असला तरी मिनिटाच्या आसपास. पण नंतर वरची त्वचा भरून यायला दिवस लागतात, नजर स्थिरावायला आठवडे आणि कापल्या गेलेल्या नसा वाढायला महिने. हे सगळं घरी व्हायचं असतं, आणि घराच्या हाती येतो एक कागद. आमचा लॅमिनेट केलेला होता आणि इंग्रजीत होता. तो समजून घ्यायची सर्वांत जास्त गरज जिला होती ती व्यक्ती, म्हणजे आई, इंग्रजी वाचत नाही.

'लेसर केलं' या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळी ऑपरेशनं येतात, हेही आम्हाला घरी आल्यावरच उमगलं. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची मधली जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. चष्म्याचा एक नंबर घालवायचा तर त्यातला बारा ते पंधरा मायक्रॉनांचा थर खर्ची पडतो. लेसिकमध्ये आधी शंभर-सव्वाशे मायक्रॉन जाडीची चकती कापतात. ती एका बाजूला जोडलेलीच राहते. तिला सगळेच 'फ्लॅप' म्हणतात. फ्लॅप उचलायचा, खाली लेसर मारायचा, फ्लॅप परत बसवायचा. टाका एकही नाही. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. कॉर्नियाची सर्वांत वरची, जेमतेम पन्नास मायक्रॉनांची नाजूक त्वचा खरवडून काढतात, उघड्या पडलेल्या भागावर लेसर मारतात आणि वर औषधाविना साधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. पट्टी म्हणायची तर तीच, फक्त दिसत नाही. स्माइल नावाच्या तिसऱ्या प्रकारात आतल्या आत भिंगाच्या आकाराची एक चकती तयार करून दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात.

भाचीचा कॉर्निया पातळ निघाला, म्हणून तिच्या वाट्याला पीआरके आलं. हिंजवडीच्या तिच्या ऑफिसातली मैत्रीण त्याच दुपारी, त्याच ठिकाणी, पण लेसिकची. मैत्रिणीच्या डोळ्यांतून संध्याकाळभर पाणी वाहिलं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपलं, ती गोळी घेऊन झोपली आणि सकाळी उठून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे वाचून रडली. दहा वाजेपर्यंत तिचा फोटो इन्स्टाग्रामवर होता. आमच्याकडे त्याच सकाळी दुखायला सुरुवात झाली. मैत्रिणीचा फोटो आमच्या भाऊबंदांत फिरला, आणि मग प्रत्येक फोनवर एकच शंका: "तिला दिसतंय, हिला का नाही? काही बिघडलं तर नाही ना?" काहीही बिघडलं नव्हतं. पीआरके असंच असतं. पहिले दोन-तीन दिवस दुखतं, नजर धूसर असते आणि वर्षभराने पाहिलं तर दोघींचा निकाल बहुधा सारखाच दिसतो. हे दोन ओळींत सांगता आलं असतं. दवाखान्यात कुणी सांगितलंही असेल, पण ऑपरेशनच्या आधी पोटात गोळा आलेल्या मुलीला सांगून उपयोग नसतो, सोबत आलेल्या माणसाला सांगावं लागतं.

आईचा दुसरा प्रश्न होता, "भाजलं का गं?" कारण भाचीने ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास आल्याचं सांगितलं होतं. हा वास पुष्कळांना येतो, पण डोळा भाजत मात्र नाही. या लेसरची सगळी करामतच ती आहे, आणि तिचा शोध ज्या माणसांच्या नावावर आहे त्यातले एक मद्रासहून शिकून अमेरिकेत गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन. ते न्यूयॉर्कजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. 1981च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या रात्रीच्या जेवणातला टर्कीचा उरलेला तुकडा ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर एक्झायमर लेसर मारून पाहिला. खाच स्वच्छ पडली, कडेला जळल्याची खूणही नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. 193 नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंमधले रासायनिक बंधच तोडतो, सुटलेले कण वाफेसारखे उडून जातात आणि उष्णता शेजारी पोचत नाही. एका ठोक्याला पाव मायक्रॉन एवढाच थर निघतो. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने श्रीनिवासन यांच्या जोडीने गुरांच्या डोळ्यांवर प्रयोग केले आणि 1983 साली ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पीआरकेला सरकारी मान्यता मिळाली 1995 साली, आणि श्रीनिवासन, विन, ब्लम यांना 2013मध्ये ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक. आईला मी एवढंच सांगितलं, की वास उडून गेलेल्या कणांचा, भाजल्याचा नाही. "मग दुखतंय कशाने?" हा तिचा पुढचा प्रश्न रास्त होता.

दुखतं ते नसांमुळे. कॉर्नियाइतकी नसांची दाटी शरीरात क्वचितच कुठे असते. डोळ्यात कुसळ गेलं तर माणूस कासावीस होतो तो त्यामुळेच. पीआरकेत वरची त्वचा गेली की त्या नसांची टोकं उघडी पडतात. लेसिकमध्ये वरची त्वचा फ्लॅपवर शाबूत असते, म्हणून त्यात दुखणं काही तासांचं.

दुसरी रात्र सर्वांत वाईट गेली. खिडक्यांना आम्ही चादरी लावल्या होत्या, तरी समोरच्या इमारतीवरच्या दिवाळीच्या माळा चादरीतून ठिपकत होत्या आणि तेवढाही उजेड तिला सोसेना. फ्रिज उघडला की ती तोंड भिंतीकडे करायची. डोळे मिटले तरी पाणी वाहतच होतं, उशी बदलावी लागली. मोबाइलवर वेळ बघायचीही सोय नव्हती, म्हणून ती दर थोड्या वेळाने विचारायची, "मावशी, किती वाजले?" डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिलेली होती आणि ती वेळेवर घ्या, दुखू लागेपर्यंत थांबू नका, असं बजावलेलंही होतं. आई मात्र 'गोळ्या कमी घ्याव्यात' पंथातली. रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात त्यावरून आमची कुजबुजत वादावादी झाली आणि गोळी जिंकली. पहाटे तिला झोप लागली.

दुखण्याबाबत घरच्यांनी एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असते: त्याची दिशा. पीआरकेचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरत जातं, लेसिकचं एका रात्रीत. उतरलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, डोळा लालभडक झाला, पू किंवा चिकटा येऊ लागला, आलेली नजर अचानक गेली, तर सकाळची वाट बघायची नाही, सणाचा दिवस म्हणून संकोच करायचा नाही, सरळ फोन करायचा. वरची मऊ लेन्स निसटून उशीवर सापडली तर तीही धुऊन परत घालायची नाही. हे फोनवर विचारणारी माणसं असतात, असं एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंकडून कळलं.

मग एक गंमत होते, तिच्यामुळे घाबरगुंडी उडू नये म्हणून ती आधी माहीत हवी. नवी त्वचा कॉर्नियाच्या कडेकडून मध्याकडे सरकत येते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास सगळ्या बाजूंनी आलेल्या पेशी अगदी मधोमध, म्हणजे ज्यातून आपण बघतो नेमक्या त्याच जागी, एकमेकींना भेटतात. तिथे काही दिवस एक उंचवटा राहतो. त्यामुळे दुखणं थांबलेलं, लेन्स काढलेली, सगळे 'आता दिसतंय ना?' म्हणून टपलेले, आणि नजर कालच्यापेक्षा धूसर! भाचीची याच दिवशी टीम लीडशी मीटिंग होती. तिने रजा वाढवून मागितली तेव्हा पलीकडून विचारणा झाली, की तुझ्यासोबतची तर आली कामावर. दोघींची ऑपरेशनं वेगळी, हे एचआरच्या अर्जात लिहायला रकाना नसतो. भाचीने शेवटी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली.

आता ड्रॉप्स. घरच्या शुश्रूषेतलं खरं काम हे. आमच्या फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात तीन औषधं होती: जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून एक अँटिबायोटिक, सूज आणि व्रण आवरायला एक स्टेरॉइड, आणि कृत्रिम अश्रूंच्या इवल्या इवल्या नळ्या. त्या नळ्यांत टिकवण्याचं रसायन नसतं, म्हणून वरचं टोक मोडून वापरायच्या आणि उरलेलं टाकून द्यायचं. उरलेलं टाकणं आईला शेवटपर्यंत पटलं नाही. स्टेरॉइडची बाटली दुधाळ, औषध तळाशी बसतं, ती हलवून घ्यायची. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. या पाच-पाच मिनिटांनी दिवस कसा भरतो ते बाहेरच्याला कळणार नाही. एक चक्र संपतं, चहा होतो, की दुसऱ्याची वेळ.

भाचीला सुरुवातीला थेंब बघितला की डोळा घट्ट मिटायचा, औषध गालावर. मी पापणी वर ओढायला जात होते, तेही दुखायचं. आईने हात धुतले, तिला मान मागे टाकायला लावली, खालच्या पापणीला बोटाने हलकेच खाली ओढून खोबण केली आणि म्हणाली, "वर बघ. पंख्याकडे." नजर वर गेली की बाटली दिसत नाही, त्यामुळे डोळा दचकत नाही. थेंब खोबणीत पडला. "आता मीट, आणि पिचपिच करू नकोस." नाकाजवळच्या कोपऱ्यावर तिने बोट दाबून धरलं. तिथे अश्रू वाहून नेणारी नळी असते, ती नाकात आणि तिथून घशात उतरते. ती दाबली नाही तर औषध डोळ्यात राहण्याऐवजी घशात जातं आणि तोंड कडू होतं. आईला नळीचं शास्त्र माहीत नव्हतं. आजोबांच्या डोळ्यांत औषध घालताना कडू लागू नये म्हणून तिच्या आईने शोधलेली ती युक्ती होती. आणि एकाच थेंबाने भागतं. बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबातलंच बरंचसं डोळ्यात मावत नाही, मग दोन-दोन घालून औषधाचं दुकान चालवण्यापलीकडे काही साधत नाही.

आईच्या पथ्यांची वही अशीच होती, काही पानं सोन्याची आणि काही फाडून टाकावी अशी. हात धुतल्याशिवाय तोंडाला बोट लावायचं नाही, धूळ टाळायची, पदराने किंवा रुमालाने डोळा पुसायचा नाही, हे शंभर टक्के बरोबर. डोळा चोळणं तर महापाप. लेसिकवाल्यांसाठी जास्तच, कारण फ्लॅपची कड एका दिवसात बंद होत असली तरी आतून तो पूर्वीइतका घट्ट कधीच चिकटत नाही. वर्षं उलटल्यावर डोळ्यात बोट किंवा बाळाचं नख लागून फ्लॅप सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उलट चिंच, लिंबू, ताक बंद, कारण आंबटाने जखम चिघळते, याला काही आधार नाही. शेजारच्या काकूंनी शुद्ध मध आणून दिला, डोळ्यात बोटभर घालायला. दुसऱ्या एकांनी गुलाबपाणी सुचवलं. दोन्ही आम्ही प्रेमाने घेतलं आणि कपाटात ठेवलं. उघड्या कॉर्नियावर बाटलीतलं निर्जंतुक न केलेलं काहीही जाणं म्हणजे जंतूंना आवतण. काजळही काही आठवडे नाही, पोहणं महिनाभर नाही.

खरा पेच नरकचतुर्दशीला पडला. डोक्यावरून अंघोळ सध्या नाही, साबणाचं पाणी डोळ्यात जाता कामा नये, आणि आमच्या घरात पहाटेचं तेल-उटणं चुकवणं म्हणजे काय ते सांगायला नको. आईने तोडगा काढला. टाळूला तेलाचं बोट नुसतं टेकवलं, उटणं मानेखाली, केस कोरडेच, आणि कारीट भाचीने डोळे मिटूनच अंगठ्याने फोडलं. फटाक्यांच्या धुराचं काही करता आलं नाही. खिडक्या लावून बसलो. दिवाळीची सुट्टी जोडून मिळते म्हणून या दिवसांत लेसर करून घेणारे पुष्कळ असतात. माझ्या मते पुणे-मुंबईत याहून चुकीचा मुहूर्त शोधून सापडणार नाही. धूर, पाहुणे, फोडण्या, साफसफाईची धूळ, आणि तातडीची वेळ आली तर डॉक्टर सुट्टीवर. पाऊस संपून दसऱ्याच्या आधीचा काळ किंवा थंडीतले साधे, बिनसणाचे दिवस बरे.

'घरी विश्रांती घ्या' असं कागदावर असतं. पण आपल्या विश्रांतीत आता डोळ्याखेरीज दुसरा अवयवच वापरला जात नाही. पडल्या पडल्या फोन, जेवताना टीव्ही, झोप येईना तर वेब सिरीज, नाहीतर पुस्तक. हे सगळं काढून घेतलं की सव्वीस वर्षांच्या मुलीला आडवं पडून करायचं काय, असा प्रश्न पडतो. आमच्याकडे माळ्यावरून ट्रान्झिस्टर निघाला. सकाळी आकाशवाणीच्या मराठी बातम्या, दुपारी विविध भारती. मग तिने फोनला बोलून हुकूम देऊन कथा ऐकायला सुरुवात केली, आणि आई स्वयंपाक करता करता अर्धी कथा ऐकून भलत्याच पात्राची बाजू घेऊन भांडायला लागली. मला वाटतं ते दिवस तिला जड गेले नाहीत ते या भांडणांमुळे.

कामावर गेल्यावर कोरडेपणा सुरू झाला. हा या प्रकरणातला सर्वांत लांबणारा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. कॉर्नियाच्या नसा नुसतं दुखणं कळवत नाहीत. 'पृष्ठभाग कोरडा पडतोय, पापणी मिटा, अश्रू पाठवा' हा निरोपही त्याच देतात. लेसिकमध्ये फ्लॅप कापताना त्या गोलाकार तुटतात, फक्त जोडलेल्या बाजूच्या वाचतात. पीआरकेतही टोकं जातात. स्माइलमध्ये चीर लहान म्हणून नुकसान कमी. निरोपच जात नाही, म्हणून अश्रू कमी आणि मिचकावणं कमी. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनपुढे ते निम्म्याहून खाली येतं. त्यात ऑफिसचा एसी थेट तोंडावर. दुपारी चारच्या सुमारास अक्षरं पसरायची, ड्रॉप घातला की परत जुळायची. भाचीने मॉनिटर नजरेच्या पातळीखाली घेतला, कारण खाली बघताना पापणी अर्धी झाकलेली राहते आणि डोळा कमी उघडा पडतो. तिच्या लेसिकवाल्या मैत्रिणीला, जी पहिल्या सकाळी जिंकली होती, हा त्रास जास्त झाला आणि जास्त काळ झाला. नसा पुन्हा वाढतात, पण कित्येक महिने घेतात, काहींना वर्षही लागतं.

साताऱ्याचा एक मुलगा भेटला, सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करणारा. त्याच्या अकादमीत लेसरचे नियम पाठ असतात. वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं ऑपरेशन चालत नाही, आणि एनडीएत शिरायचं वय त्याआधीच संपतं. पदवीनंतरच्या वाटेने जायचं तर ऑपरेशनला बारा महिने झालेले हवेत आणि कॉर्निया निदान 450 मायक्रॉन उरलेला हवा. रेल्वेत लोको पायलट व्हायचं असेल तर लेसिक करायचंच नाही. सैन्य डोळा स्थिरावला मानायला वर्षभर थांबतं आणि हिंजवडी सोमवारी लॉगइन मागते, हा विरोधाभास त्या मुलानेच हसत दाखवला.

एक गोष्ट मला गंभीर वाटते, ती औषधाच्या दुकानांबद्दल. स्टेरॉइडचे ड्रॉप्स डॉक्टर ठरावीक आठवडे देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. ते घातले की डोळा शांत, पांढराशुभ्र वाटतो. म्हणून पुढे कधी कोरडेपणाने खुपलं की लोक जुनी रिकामी बाटली दुकानात दाखवतात आणि तीच विनाचिठ्ठी घेऊन येतात. काहींच्या डोळ्यांत स्टेरॉइडने दाब वाढतो. तो दुखत नाही, दिसत नाही, काचबिंदूच्या वाटेने नस खाऊन टाकतो. त्यात लेसरने पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब मोजण्याचं नेहमीचं यंत्र खऱ्याहून कमी आकडा दाखवतं. म्हणून पुढे आयुष्यात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं, तरी 'माझं लेसर झालंय' हे पहिलं वाक्य असायला हवं. चष्मा नाही म्हटल्यावर ते सांगायचं सुचत नाही.

रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसणं, समोरच्या गाडीचा प्रकाश फाकणं, हेही पहिले काही आठवडे-महिने चालतं. भाचीने तेवढ्या काळात रात्री स्कूटर चालवली नाही. दिवसा मात्र गॉगल लावून चालवायची, कारण पीआरकेनंतर कडक उन्हाने कॉर्नियावर पांढुरकी झाक येऊ शकते. हेल्मेटच्या आत चष्म्यावर वाफ धरते आणि पावसात पुढचं काही दिसत नाही, हेच तिचं लेसर करून घेण्याचं कारण. नातेवाइकांनी मात्र दुसरंच ठरवलं होतं. वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जात रक्तगट आणि उंचीच्या शेजारी 'चष्मा' असा रकाना अजून असतो. "बरं झालं, आता 'नाही' लिहिता येईल," असं एका आत्येने माझ्यादेखत म्हटलं. तो रकाना छापणाऱ्यांचा मला जितका राग येतो तितकंच याचं हसू येतं, की चाळिशीनंतर तो सगळ्यांचाच 'आहे' होणार आहे. वाचायचा चष्मा लागतो तो डोळ्याच्या आतलं भिंग ताठर झाल्याने. कॉर्नियावरच्या लेसरने ते थांबत नाही.

आणि त्याच्याही पुढे मोतीबिंदू आहेच. डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची हकिगत म्हणून इथे सांगायला हवी. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी लेसिक केलं, झकास झालं. आता मोतीबिंदू निघायचा तर आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं हे कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात, आणि लेसरने ती गोलाई बदललेली असते, त्यामुळे नेहमीचं गणित चुकतं. डॉक्टरांनी लेसिकच्या आधीची मापं मागितली. जिथे ऑपरेशन झालं ते ठिकाण केव्हाच बंद पडलेलं, फाइल घर बदलताना रद्दीत गेलेली. आता जुन्या मापांशिवायही अंदाज काढणारी सूत्रं आहेत, त्यांवर भागवलं. दिसायला चांगलं लागलं, पण थोडा नंबर राहिला.

ते ऐकून मी त्याच रात्री भाचीची फाइल मागवून घेतली. ऑपरेशनआधीचा चष्म्याचा नंबर, दोन्ही कॉर्नियांची गोलाई आणि जाडी, रंगीत नकाशांची टॉपोग्राफी, किती मायक्रॉन काढले तो आकडा, प्रकार आणि तारीख: एवढं त्यात असायला हवं. आमच्या फाइलीत शेवटचे तीन नव्हते, फोन करून मागवावे लागले. आईने नेत्रदानाचा अर्ज कधीच भरलेला आहे. तिने नातीबद्दल विचारलं. लेसर झालेला कॉर्निया सबंध जाडीने सहसा दुसऱ्याला बसवत नाहीत, पण त्याचा आतला थर उपयोगी पडू शकतो. नेत्रपेढीला लेसरचं सांगावं मात्र लागतं. भाचीने फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत 'दोन्ही डोळे, पीआरके' आणि तारीख लिहिली, पानांचे फोटो आईला नि मला पाठवले, आणि फाइल डोमिसाइल नि दहावीच्या सर्टिफिकेटच्या पिशवीत घातली.